सहा बायका, एकच वाक्य

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एक यादी आहे. शीर्षक : 'खोटी मुलाखत ओळखण्याच्या खुणा'. तिच्यात चौदा खुणा आहेत आणि त्यातली सहावी खोडलेली आहे. विभागातले नवे प्राध्यापक ती यादी मागून नेतात, झेरॉक्स काढतात आणि परत देताना विचारतात, सहावी काय होती? मी आजवर त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं नाही. या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी नेहमीप्रमाणे आठवणींची यादी केली. सतरा निघाल्या. त्यातल्या चौदा कुठल्याही शिक्षकाच्या असतात तशाच आहेत, म्हणून सोडून दिल्या. उरलेल्या तीन सांगते. तिसरी सांगायचं मी बराच काळ टाळलं होतं.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. भूगोल म्हटलं की लोकांना नद्या, राजधान्या आणि पाचवीतला रंगवायचा नकाशा आठवतो. माझा मूळ विषय नकाशाशास्त्र आणि सांख्यिकी, म्हणजे सगळा मोजमापाचा. मग अभ्यासक्रम बदलला आणि एम.ए.ला 'गुणात्मक संशोधन पद्धती' नावाचा पेपर आला. तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. वेळापत्रक मी करत असे, त्यामुळे रिकामी राहिलेली चौकट माझ्याच वाट्याला आली.

हा पेपर म्हणजे काय, तर एका गावात हातपंप किती आहेत हे मोजता येतं. त्यातल्या एका हातपंपावर एका आळीतल्या बायका कधीच का जात नाहीत, हे मोजून कळत नाही. तिथे जाऊन बसावं लागतं, ऐकावं लागतं, लोक ज्या वाटेने जातात त्या वाटेने त्यांच्याबरोबर चालावं लागतं. मग घरी येऊन शब्दन् शब्द उतरवायचा आणि त्यातून अर्थ काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात हा सगळा संशयाचा कारभार आहे. लोक आपल्यावर संशय घेतात, आपण विद्यार्थ्यांवर घेतो आणि बाहेरून आलेले परीक्षक आपल्या सगळ्यांवर घेतात.

हे शिकायला मला आधी लातूरला पाच दिवसांच्या कार्यशाळेत पाठवलं. लातूर माझं माहेर. तिथे मला कोण शिकवणार, अशा थाटात मी गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं, बाहेर जा, अनोळखी माणसाशी अर्धा तास बोला आणि लिहून आणा. मी बावीस प्रश्नांची यादी केली आणि कोचिंग क्लासेसच्या चौकात एका ऑटोवाल्याला गाठलं. त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "आरटीओतून आलाव का?" मी नाही म्हणाले. मग क्लासवाल्यांनी पाठवलंय का, मग पोरगं क्लासला टाकायचंय का, मग खोली बघायलाव का, असं एकेक करून त्याने मला तपासलं. अर्ध्या तासात त्याला माझं माहेर, सासर, नवऱ्याची नोकरी, मुलगी काय करते आणि मुलीला डॉक्टर का केलं नाही, हे सगळं कळलं. मला एवढंच कळलं की त्याच्या ऑटोला मागच्या महिन्यात नवं हूड बसवलंय.

संध्याकाळी मी ते वाचून दाखवलं. शिकवणारे सर म्हणाले, आजची सगळ्यात चांगली मुलाखत हीच आहे, फक्त ती ऑटोवाल्याने घेतली आहे. सगळे हसले. मी वहीत लिहून ठेवलं : प्रश्नांचा कागद हातात धरू नये.

दुसरी गोष्ट अहमदपूर तालुक्यातली. तेव्हा मी विद्यार्थ्यांना घेऊन एका गावात गेले होते. विषय साधा होता, गावातल्या जुन्या पाऊलवाटा कुठे कुठे मोडल्या. आमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की मुलाखतीआधी माणसाची लेखी संमती घ्यावी, माहिती गुप्त ठेवू असं आश्वासन द्यावं आणि खाली सही घ्यावी. पुस्तक लिहिणाऱ्याने मराठवाड्यात कधी कुणाची सही मागितली नसावी. मी चाळीस फॉर्म छापून नेले होते, क्रमांक टाकून.

पहिल्याच ओट्यावर एक आजोबा बसले होते. जमीन स्वतःची, कसणारे स्वतःच. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वरून खाली वाचला, मग खालून वर.

"गुप्त कशापायी?" ते म्हणाले. "म्या काय चोरी केली का?"

मी समजावलं, तुमचं नाव कुणाला कळू नये म्हणून. त्यावर त्यांनी विचारलं, कुणाला कळू नये? कोण येणार हाय? मी जितकं समजावत गेले तितके ते मागे सरकत गेले. पाऊलवाटा, नकाशा, सही आणि गुप्त, हे चार शब्द एकत्र आल्यावर गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. दुपारपर्यंत नव्या हमरस्त्याची बातमी झाली. तिसऱ्या प्रहरी लोक स्वतःहून आमच्याकडे यायला लागले, पण मुलाखत द्यायला नाही, तर कुणाचा गट नंबर जातोय ते विचारायला. माझ्या विद्यार्थ्यांनी नाही म्हटलं की लोकांची खात्री आणखी पक्की होत होती. चाळीसपैकी एकाही फॉर्मवर सही झाली नाही.

निघताना तेच आजोबा जीपजवळ आले. म्हणाले, लिहिणार असाल तर माझं नाव छापा, गुप्त ठिवू नका. आणि रस्ता आलाच तर आदी मला सांगा.

तेव्हापासून आम्ही तोंडी संमती घेतो. सही मागत नाही. हा धडा मी पटकन शिकले आणि वहीत टाकला. पुढचा धडा मात्र वहीत टाकण्यासारखा नव्हता.

आता विद्यार्थ्यांवरच्या संशयाबद्दल. लघुप्रबंधासाठी मुलाखती आणायला सांगितल्या की थोडेजण फिरतात आणि बाकीचे खोलीत बसून लिहितात. एकाने सत्तर वर्षांच्या मेंढपाळाची मुलाखत आणली होती. त्यात आजोबा म्हणत होते, "जैवविविधतेचा ऱ्हास ही अत्यंत चिंतेची बाब आहे." मी त्या मुलाला बसवलं आणि एवढंच विचारलं, आजोबा कोणत्या कॉलेजला होते? तो म्हणाला, मॅडम, बस चुकली होती.

अशा एकेका प्रकरणातून यादी तयार झाली. खरी मुलाखत कधी सलग होत नाही. मध्ये कोंबडी येते, फोन वाजतो, आतून जाऊ हाक मारते. खोट्या मुलाखतीत कुणी मध्ये येत नाही. खऱ्या माणसाला निम्मे प्रश्न आवडत नाहीत. खोटा माणूस सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. सहावी खूण होती : दोन माणसं एकच वाक्य जसंच्या तसं बोलतात. नववी : रेकॉर्डिंग नाही, जागेवरच्या कच्च्या नोंदी नाहीत.

नुसत्या खुणांवर मी थांबत नव्हते. दहातल्या एका मुलाखतीची पडताळणी मी स्वतः जाऊन करत असे, आणि तीही न कळवता. मोजणीच्या सर्वेक्षणात ही चांगली शिस्त मानतात आणि ती आहेच. दार वाजवून 'आमचा मुलगा येऊन गेला का, तुमच्या घरात माणसं किती' असं विचारलं तर कुणाचं काही बिघडत नाही. तीच शिस्त मी उचलून इकडे आणली. मला तिचा अभिमान होता. विभागात म्हणत, मॅडमच्या हाताखालून खोटं जात नाही.

नाझनीन माझी विद्यार्थिनी. हे तिचं खरं नाव नाही, हे नाव तिनेच निवडलं. हा लेख लिहिण्याआधी मी तिला फोन केला. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. म्हणाली, तुमच्याबद्दल काय लिहायचं ते लिहा मॅडम, आमच्याबद्दलचं मला दाखवून लिहा. मी दाखवलं. तिने तीन ओळी काढायला लावल्या. त्या कोणत्या, ते इथे सांगता येत नाही.

ती धर्माबादची. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. घराणं चार पिढ्यांपासून त्याच गल्लीत. रोज रेल्वेने नांदेडला यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि फारसं बोलायची नाही. एम.ए.चं ते शेवटचं वर्ष होतं. घरून एवढंच वर्ष मिळालं होतं, राहिलं तर पुन्हा नाही, हे तिने प्रवेशाच्या वेळीच मला सांगितलं होतं. लघुप्रबंधाचा विषय तिने स्वतः आणला : मिरचीच्या गोदामात देठं खुडणाऱ्या बायकांच्या दिवसभराच्या वाटा. घरून गोदाम, गोदामात बसायची जागा, पाणी, सावली, परत घर. चांगला विषय होता. मी लगेच होकार दिला.

तिने सहा बायकांच्या मुलाखती आणल्या. माझ्या नियमाप्रमाणे प्रत्येकीशी वेगळं, एकटीशी आणि तिच्या घरी जाऊन बोललेलं. नावं बदललेली. खऱ्या नावांची यादी वेगळ्या पाकिटात, पाकीट चिकटवलेलं, जोडावर तिची सही आणि पाकीट माझ्या कुलूपबंद कपाटात. हाही नियम माझाच. पाकीट गरज पडल्याशिवाय उघडायचं नाही, असं मी नियमांत लिहिलं होतं. गरज म्हणजे काय, ते लिहिलं नव्हतं.

मुलाखती आधी विभागप्रमुख सरांनी वाचल्या. माझ्या टेबलावर ठेवत ते हसून म्हणाले, "मॅडम, तुमची सहावी खूण."

मी पाहिलं. सहाही बायका म्हणत होत्या, "सकाळी तांब्याभर पाणी पिऊन निघायचं, मंग घरी आल्यावर प्यायचं." आणि सहाही पुढे म्हणत होत्या, "लईच झालं तर मागं भगदाड हाय." म्हणजे गोदामातल्या संडासाला कुलूप, किल्ली मुकादमाकडे, आणि मागच्या भिंतीत एक भगदाड, ज्यातून पलीकडे रुळाच्या बाजूला झुडपांत जाता येतं. मजकूर चटका लावणारा होता. पण सहा तोंडांतून एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

मी नाझनीनला बोलावलं. ती म्हणाली, बायका तशाच बोलल्या.

"सहाही?"

"हो मॅडम, सहाही."

रेकॉर्डिंग मागितलं. नव्हतं. बायकांनी फोन पिशवीत ठेवायला लावला होता, वहीपेन काढू दिलं नव्हतं. ती घरी येऊन त्याच संध्याकाळी आठवून लिहीत असे. म्हणजे नववी खूणही लागू झाली. मी म्हणाले, मग मला त्यांच्याशी भेट घालून दे. ती पटकन म्हणाली, नको मॅडम, दुसरं कुणी येणार नाही असा शब्द दिलाय मी. त्या 'नको'ने माझा संशय पक्का झाला. खोलीत बसून मुलाखती लिहिणारी मुलं अगदी हेच म्हणतात. मी तिला स्पष्ट सांगितलं की काम मूळ आणि स्वतःचं असल्याच्या प्रमाणपत्रावर मार्गदर्शकाची सही लागते आणि खात्री पटल्याशिवाय मी सही करत नाही. सादर करायला बारा दिवस उरले होते. ती निघून गेली.

त्याच दुपारी मी कपाट उघडलं आणि पाकीट फोडलं. आत सहा नावं आणि गोदामाचा, त्याच्या नावासकट, हाताने काढलेला नकाशा होता. नकाशा सुंदर होता. एवढा बारीक नकाशा खोटं काम करणारी मुलगी कशाला काढेल, असं एकदा मनात आलं. पण मनात येणं ही पडताळणी नव्हे, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

गोदामाचं नाव मी सांगणार नाही. दारातूनच मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि मी खोकायला लागले. मुकादम धावत आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, अतिशय नम्र. खुर्ची आणवली, पाणी दिलं, चहा सांगितला. मी सांगितलं की कॉलेजातून आले आहे, आमच्या विद्यार्थिनीने सर्वेक्षण केलंय, ते तपासायचंय. आणि कागद काढून सहा नावं वाचली, एकापाठोपाठ एक, खणखणीत आवाजात, वर्गात हजेरी घेते तशी.

त्याने सहाहीजणींना हाक मारली. तांबड्या ढिगाऱ्यांमधून त्या उठून आल्या, नाकातोंडाला पदर बांधलेला, आणि माझ्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या. मी विचारलं, आमची मुलगी तुमच्याकडे येऊन गेली का? पहिलीने मुकादमाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. म्हणाली, "आमाला काय माहीत न्हाई." दुसरी म्हणाली, आमाला काय माहीत न्हाई. तिसरीही तेच. सहाव्या बाईपर्यंत वाक्य अजिबात बदललं नाही.

माझा संशय खरा ठरला याचं मला त्या क्षणी समाधान वाटलं. ते कबूल केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. तरी मी नीटनेटकी बाई. एक शेवटची खात्री करून घ्यावी म्हणून मी नकाशा उघडला आणि विचारलं, "मागच्या भिंतीत भगदाड आहे असं लिहिलंय. ते कुठं आहे?"

देठं खुडण्याचा आवाज इतका वेळ चालू होता हे मला तो थांबल्यावर कळलं.

"कोनतं भगदाड?" मुकादमाने विचारलं.

त्याने माझ्या हातातला नकाशा पाहिला. मी झाकला नाही, मला सुचलंच नाही. तो मागे गेला, बारदानाची थप्पी सरकवली आणि परत आला. "बरं झालं सांगितलंत मॅडम. आमच्या ध्यानातच न्हवतं. कुत्री शिरतेत तितून." मग तो अदबीने म्हणाला, लांबून आलात, हातपाय धुऊन घ्या, आणि खिशातून किल्ली काढून कोपऱ्यातल्या संडासाचं कुलूप उघडलं. मी सकाळपासून प्रवासात होते. मी गेले. आत फरशी कोरडी होती, बादली नवी होती, तिच्यावरचा किमतीचा चिठोरा अजून तसाच होता. बाहेर आले तेव्हा सहाजणी तिथेच उभ्या होत्या. मुकादमाने माझ्या मागे दार लावून कुलूप घातलं.

त्यांच्यातली सगळ्यात वयस्क बाई चहाचा कप उचलायच्या निमित्ताने माझ्याजवळ आली. वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, पोरीला बोलू नका. तिनं कुणाचं नाव घेतलं न्हाई."

तिचं नाव माझ्या हातातल्या कागदावर पहिलं होतं.

परतीच्या गाडीत मी नाझनीनची क्षेत्रनोंदवही काढली. ती प्रबंधाच्या कच्च्या प्रतीच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जोडलेली होती आणि परिशिष्टं मी शेवटी वाचते, कधी कधी वाचतही नाही. त्यात तिसऱ्याच पानावर तिने लिहिलं होतं : 'आजही तेच वाक्य. काल दुसरीनेही हेच सांगितलं. मी विचारलं, तुम्ही ठरवलंय का? ती हसली. म्हणाली, एकीचं वाक्य एकीवर शेकतं, सगळ्यांचं एक असलं तर कोणाचंच नसतं.' पुढे लिहिलं होतं की हे वाक्य तसंच ठेवायचं, बदलायचं नाही, कारण माझ्या अभ्यासात हाती आलेली खरी गोष्ट हीच आहे.

मी सहावी खूण घेऊन गेले होते आणि त्यांनी माझ्यासमोर ती पुन्हा एकदा करून दाखवली होती. तरी मला कळलं नव्हतं.

पाच दिवसांनी नाझनीन आली. मी बस म्हणाले, ती बसली नाही. तिने सांगितलं की भगदाड विटांनी बुजवलंय. आता बायकांना पुढच्या दाराने निघून हमरस्त्याने वळसा घालून जावं लागतं, जाताना मुकादमाला सांगून, आणि तो घड्याळ बघतो. सहापैकी दोघींना हंगाम संपल्याचं सांगितलंय. हंगाम संपलेला नव्हता.

मी म्हणाले, मी मालकाला भेटते. कामगार कार्यालयात अर्ज करते. काय काय करता येईल याची यादी मी आदल्या रात्रीच केली होती, सात मुद्दे होते. मी कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "आता तुम्ही काही करू नका."

आवाज चढलेला नव्हता. घरात कुणाच्या हातून भांडं फुटलं की काचा वेचताना आपण त्याला म्हणतो ना, तू बाजूला हो, तसं ती म्हणाली. मी बाजूला झाले. त्या दोघींना पुढे दुसरीकडे काम मिळालं का, भगदाड पुन्हा कुणी पाडलं का, हे मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला. मला शंका आहे की तिला सगळं माहीत आहे. माझ्या स्वभावाप्रमाणे मी जाऊन बघायला हवं होतं. गेले नाही. धर्माबादहून पुढे जाणाऱ्या गाडीत बसले तरी त्या बाजूच्या खिडकीशी बसत नाही.

प्रबंध सहीसाठी आला तेव्हा त्यात एक नवा परिच्छेद होता. 'अभ्यासाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली तिने लिहिलं होतं की क्षेत्रकार्यानंतर एक प्राध्यापिका पूर्वसूचना न देता कामाच्या जागी गेल्या, त्यांनी सहभागी स्त्रियांची नावं आणि त्यांची एक वाट व्यवस्थापनासमोर उघड केली, त्यानंतर ती वाट बंद झाली, आणि या बदलाला संशोधक स्वतःही जबाबदार आहे. प्राध्यापिकेचा उल्लेख तिने 'श्रीमती क' असा केला होता. खाली टीप होती : प्रबंधातील सर्व व्यक्तींची नावे बदललेली आहेत.

हा परिच्छेद काढ, असं मी सांगू शकले असते. मार्गदर्शकाचा तो अधिकार असतो. मी कागदावर उभी रेघ मारली, डावीकडे काढण्याची कारणं लिहिली, उजवीकडे ठेवण्याची. डावी बाजू भरली. ती सगळी कारणं माझ्याबद्दलची होती. उजवीकडे एकच होतं, की हे घडलं आहे. मी सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून, लातूरकडून एक परीक्षक आले होते. वयस्क, बारकाईने वाचणारे. सहा बायकांच्या एकाच वाक्यावर त्यांनी बराच वेळ तिला छेडलं आणि तिची उत्तरं ऐकून दोनदा मान डोलावली. मग त्यांनी 'मर्यादा' उघडलं.

"ही श्रीमती क कोण?"

विभागप्रमुख सर चहाच्या कपात पाहू लागले. माझे हात मांडीवर होते, ते मी तिथेच ठेवले.

"नाव सांगता येणार नाही सर," नाझनीन म्हणाली.

"अहो, या बाईंनी तुमच्या कामाचं वाटोळं केलं. त्यांना कशाला सांभाळता?"

"ज्यांची नावं बदलली त्या सगळ्यांना एकच नियम आहे सर."

परीक्षक हसले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही मार्गदर्शक आहात. तुम्हाला तर माहीत असणारच."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी बाक ओढत होतं.

मी म्हणाले, "मला काही माहीत नाही."

नाझनीनने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ते मी तिच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, हे ती तपासत असावी. मीही तेच तपासत होते.

परीक्षा संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, मॅडम, ते पाकीट. मी कपाट उघडून दिलं. फोडलेल्या जागी मी चिकटपट्टी लावलेली होती. तिने त्या पट्टीवरून एकदा नख फिरवलं आणि पाकीट बॅगेत टाकलं. माझ्या कपाटातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद आवक-जावक वहीत होते. वही समोर उघडी होती, पेनही हातात होतं. ती दारातून बाहेर जाईपर्यंत मी तशीच बसले. मग वही मिटली आणि खणातली यादी काढली.